स्मार्ट मीटर बसले, तरी लाइट का जाते? वीज-जाळं कोणत्या क्रमाने बदलतं

प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावात बहुतेक घरांवर स्मार्ट मीटर लागले, डीपीवरही, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवरही, मीटर आले, तरी पावसाची एक सर आली की दीड-दोन तास अंधार. मग ग्रिडचं आधुनिकीकरण चाललंय ते नेमकं कुठे, आणि ते कोणत्या क्रमाने व्हायला हवं?

घरातला मीटर वीज मोजतो. वीज जाते ती बहुतेक वेळा ११ केव्ही फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून डीपींपर्यंत येणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या लाइनवर, आणि परत येते लाइनमन खांबावर चढल्यावर. त्यामुळे मीटर कितीही हुशार असला तरी त्याने तुमचा अंधार एका मिनिटानेही कमी होत नाही, जोवर त्याच्या वरच्या चार पायऱ्या तयार नाहीत: उपकेंद्रातलं संरक्षण, फीडरवरचे स्विच, डीपीची मोजणी आणि कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर आहे याची खरी नोंद. आपल्याकडे पैसा बऱ्याचदा उलट्या टोकाकडून आला. मीटरमधून वसुली दिसते, दोष ओळखून लाइन तोडायला लावणाऱ्या रिलेमधून दिसत नाही. केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस या वितरण सुधारणा योजनेचा आकार ३ लाख ३ हजार ७५८ कोटींचा, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त २५ कोटी स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट.

वरचं जाळं आधी का सुधारलं

पारेषण, म्हणजे २२०, ४०० आणि ७६५ केव्हीचं जाळं, आपल्याकडे वीसेक वर्षं आधी सुधारलं. तिथे उपकेंद्रं मोजकी आणि प्रत्येकातून जाणारी वीज प्रचंड, त्यामुळे एका ठिकाणी खर्च केला की लाखो ग्राहकांना फरक पडतो. १ जुलै २००२ ला पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धत आली. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक पाडले आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये कोणत्या राज्याने ठरल्यापेक्षा किती जास्त ओढलं याचा हिशेब फ्रिक्वेन्सीशी जोडून पैशात होऊ लागला. त्याआधी ५० हर्ट्झऐवजी ४९ च्याही खाली जाणं नेहमीचं होतं. आज ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा पाळावा लागतो. ब्लॉकनिहाय मोजणीची ती कल्पना तुमच्या घराच्या मीटरपर्यंत उतरायला दोन दशकं लागली.

३० आणि ३१ जुलै २०१२ चा ब्लॅकआउट इथे आठवायला हवा. पहिल्या दिवशी बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्ही वाहिनी ट्रिप झाली आणि पाठोपाठ उत्तर विभाग कोसळला. त्या वाहिनीवर दोष नव्हताच. भार इतका वाढला होता की डिस्टन्स रिलेच्या (दोष किती दूर आहे ते मोजणाऱ्या रिलेच्या) तिसऱ्या झोनला, म्हणजे सगळ्यात लांबच्या टप्प्याला, तो दोष वाटला. यंत्र ठरवल्याप्रमाणेच वागलं, ठरवणं चुकलं होतं. नंतर फेजर, म्हणजे व्होल्टेज-करंटची मात्रा आणि कोन, मोजणारी उपकरणं, पीएमयू, देशभर बसवण्याला जोर आला. जुनी स्काडा, म्हणजे दूरनियंत्रणाची यंत्रणा, काही सेकंदांनी एकदा आकडे आणते. पीएमयू सेकंदाला पंचवीस-पन्नास वेळा, तेही उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर–रायचूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण विभाग जोडला गेला आणि देशाची एक ग्रिड झाली.

वरचं जाळं मोजक्या बिंदूंचं आहे. खाली वितरणात डीपीच लाखोंनी आहेत, खरी अडचण तिथे सुरू होते.

गॅझेटच्या आधी तारा: गावठाण फीडर

महाराष्ट्राच्या ग्रामीण जाळ्यातला सगळ्यात मोठा बदल कोणत्याही चिपमुळे झाला नाही. शेतीपंप आणि गाव एकाच ११ केव्ही फीडरवर असायचे. शेतीला आठ तास द्यायचे आणि गावाला दिवे द्यायचे, तर उपकेंद्रात एक फेज तोडून सिंगल फेजिंग करत. अपेक्षा अशी की दिवे लागतील, पण तीन फेजचे पंप चालणार नाहीत. प्रत्यक्षात शेतकरी कॅपॅसिटर लावून तिसरा फेज तयार करत. मग उरलेल्या फेजवर भार चढे, व्होल्टेज खाली बसे, मोटारी जळत आणि मागून डीपीही जळे. गुजरातने २००३ नंतर ज्योतिग्राममध्ये दोन्ही फीडर वेगळे केले. आपल्याकडेही गावठाण फीडर वेगळे झाले आणि गावातलं भारनियमन शेतीपासून सुटलं.

याचं स्मार्ट ग्रिडशी नातं थेट आहे. मिश्र फीडरवर गळती किती हे ठरवताच येत नाही. पंप विनामीटर, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने, मग उरलेलं नुकसान चोरी, की तारांतलं, की अंदाजाची चूक, कोणी सांगावं? फीडर वेगळा केला की गावठाण फीडरवर जवळपास प्रत्येक युनिटचा हिशेब लागू शकतो. म्हणून जिथे विलगीकरण अर्धवट आहे तिथे मीटरवर पैसे घालून फारसं हाती लागत नाही.

उपकेंद्र: रिले नवा, सेटिंग जुनं

नमुन्यादाखल एक ३३/११ केव्ही उपकेंद्र घ्या. ५ एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकाचा ११ केव्ही बाजूचा पूर्ण भार २६२ अँपिअर, बाहेर पडणारे सहा फीडर. पूर्वी पॅनलवर चकतीचे विद्युत-यांत्रिक रिले, ऑपरेटर दर तासाला लॉगशीट भरणारा. आता न्यूमेरिकल, म्हणजे चिपवर चालणारा, रिले. तो ट्रिप करतो, शिवाय कोणत्या फेजवर किती करंट आला, किती मिलिसेकंदात ब्रेकर उघडला, हे सगळं साठवतो. आरटीयू या दूरसंपर्क पेटीमार्फत ही माहिती नियंत्रण कक्षात जाते आणि ब्रेकर तिथूनच उघडता-लावता येतो.

बिघडतं कुठे? नवा रिले बसवताना जुन्याचं सेटिंग जसंच्या तसं उतरवलं जातं. समजा फीडरची सीटी (मोठा करंट मोजण्याजोगा लहान करणारा ट्रान्सफॉर्मर) २०० ला ५, पिकअप, म्हणजे रिले जागा होण्याचा करंट, २०० अँपिअर. दोषाचा करंट १,००० अँपिअर आला, म्हणजे पाच पट. नॉर्मल इन्व्हर्स वक्रावर (करंट जास्त तितका वेळ कमी) टाइम मल्टिप्लायर, म्हणजे वेळेचा गुणक, ०.१ असेल तर फीडरचा रिले ०.४३ सेकंदात ट्रिप देतो. वरच्या इनकमरने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून सगळ्या फीडरना वीज देणाऱ्या ब्रेकरने, त्याच दोषाला निदान ०.३ सेकंद जास्त थांबायला हवं, म्हणजे ०.७३. फीडरवर गेल्या दहा वर्षांत डीपी वाढल्या, वारंवार ट्रिप होतो म्हणून कोणीतरी फीडरचा मल्टिप्लायर ०.२ केला आणि इनकमर तसाच राहिला. आता फीडर ०.८६ सेकंद घेणार, इनकमर त्याआधीच उडणार. एका फीडरच्या दोषाने त्या ट्रान्सफॉर्मरवरचे सगळेच फीडर गेले! तुमच्या गावी ‘पूर्ण उपकेंद्र बंद आहे’ असं वारंवार ऐकू येत असेल, तर पहिला संशय याचा घ्यावा.

दुसरा संशय बॅटरीचा. रिले आणि ब्रेकरची ट्रिप कॉइल उपकेंद्रातल्या डीसी बॅटरी बँकेवर चालतात. सेलमधलं पाणी आटलं, चार्जर बंद पडला, तरी पॅनलवरचे दिवे लागलेलेच दिसतात. दोषाच्या क्षणी कॉइलला जोर मिळत नाही, ब्रेकर उघडत नाही, आणि ३३ केव्हीचा वरचा ब्रेकर उडतो. लाखांचा रिले काही हजारांच्या सेलमुळे आंधळा होतो. आधुनिकीकरणाच्या अंदाजपत्रकात बॅटरी बँक आणि तिची महिन्याची तपासणी नसेल, तर ते अंदाजपत्रक परत पाठवलेलं बरं.

तिसरी गोष्ट घड्याळाची. सहा रिले, सहा घड्याळं, एकमेकांत चार-चार मिनिटांचा फरक. मग आधी काय उडालं हेच कळत नाही. जीपीएसवरून किंवा नेटवर्कवरून वेळ जुळवणं ही छोटी बाब असल्याने निविदेतून सहज गळते.

एक इशारा इथेच देतो, कारण याबद्दल खोटा भरवसा पसरलेला दिसतो. तुटलेली ११ केव्ही तार कोरड्या मुरमावर किंवा डांबरावर पडली तर कित्येकदा जेमतेम काही अँपिअर करंट वाहतो. फीडरचा नेहमीचा भार शे-दीडशे अँपिअर. त्यात हे काही अँपिअर साध्या अर्थ फॉल्ट रिलेला दिसत नाहीत. रिले न्यूमेरिकल असो वा जुना, पडलेली तार जिवंतच धरायची. संवेदनशील अर्थ फॉल्ट सेटिंगने धोका कमी होतो, जात नाही.

फीडरवर: दोष शोधायला लागणारा वेळ

पंचवीस किलोमीटरचा ओव्हरहेड फीडर रात्री ट्रिप झाला की पारंपरिक रीत अशी. एकदा चार्ज करून पाहायचं. टिकला नाही तर मधला एबी स्विच (खांबावरचा, हाताने चालवायचा) उघडून अर्धा फीडर चार्ज करायचा, टिकला तर दोष पुढे, नाही टिकला तर मागे. मग त्या अर्ध्याचा अर्धा. प्रत्येक प्रयत्नाला दोषाचा पूर्ण करंट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला हिसका देतो. चिखलातून दुचाकीवर स्विचपाशी जायचं, परमिट घ्यायचं, डिस्चार्ज रॉड लावायचा, आणि नुसतं शोधण्यातच दीड तास. तुमचा दीड-दोन तासांचा अंधार बहुतेक इथला आहे.

इथे स्वस्त आणि उपयोगी उपकरण म्हणजे फॉल्ट पॅसेज इंडिकेटर. तारेवर अडकवतात, दोषाचा करंट तिथून गेला तर लुकलुकतो आणि सिमकार्ड असेल तर संदेशही पाठवतो. प्रत्येक फाट्यावर एक संच, म्हणजे तीन फेजचे तीन, लावला की शोध एका फाट्यापुरता उरतो. बसवताना दोन चुका होतात. पहिली, पिकअप फार खाली ठेवतात; मग फीडर चार्ज करताना सगळ्या डीपी मिळून जो चुंबकीय इनरश, म्हणजे सुरुवातीचा क्षणिक जास्त करंट, ओढतात त्यालाच दोष समजून सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकतात. एका पावसाळ्यात असं चारदा झालं की लाइनमन त्यांच्याकडे बघणं सोडतो. दुसरी, जिथे नेटवर्कची रेंज नाही नेमक्या तिथेच सिमवाले लावतात. बसवण्याआधी त्या खांबाखाली उभं राहून मोबाइलची रेंज पाहणं, एवढी साधी तपासणी पुरते.

ओव्हरहेड लाइनवरचे बहुतेक दोष क्षणिक असतात: फांदी टेकली, पक्षी अडकला, वीज पडून इन्सुलेटरवर ठिणगी गेली. त्यांना ऑटो रिक्लोजर हे उत्तर. तो उघडतो, काही सेकंदांनी स्वतःच लावून पाहतो, टिकलं तर तुम्हाला फक्त दिव्याची उघडझाप दिसते. दोष कायमचा असेल तर ठरलेल्या प्रयत्नांनंतर लॉकआउट. भूमिगत केबलवर मात्र रिक्लोजर लावू नये. केबलमधला दोष आपणहून जात नाही, आणि प्रत्येक प्रयत्नाला केबल आणखी जळते. शहरात केबलसाठी रिंग मेन युनिट, म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज घेता येणाऱ्या स्विचच्या पेट्या, असतात. त्यांना मोटार आणि एफआरटीयू (फीडरवरचा आरटीयू) जोडला की दोषाचा तुकडा दुरून वेगळा करून बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज देता येते. संगणक हेच आपोआप करतो तेव्हा त्याला एफएलआयएसआर म्हणतात.

सादरीकरणात हे छान दिसतं. पण दुसऱ्या बाजूने वीज द्यायची तर दुसरी बाजू असावी लागते. ग्रामीण फीडर बहुधा झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले, टोकं सुटी. शेजारच्या फीडरशी जोडलेले असले तरी टोकाकडची तार वीझल, म्हणजे बारीक, असते. ती साधारण सव्वाशे अँपिअरपर्यंत नेते, आणि तिच्यावर अख्ख्या शेजारी फीडरचा शंभर-दीडशे अँपिअरचा भार टाकला की व्होल्टेज बसतं नाहीतर जंपर (तारा जोडणारा तुकडा) जळतो. म्हणून आधी जोडणीचा पट्टा रॅबिट किंवा डॉग या जाड तारांनी बदला, मग स्वयंचलित स्विच. तार बदलण्याच्या कामाचं उद्घाटन होत नाही, ही त्यातली खरी अडचण.

डीपीवरचा मीटर काय सांगतो

१०० केव्हीएच्या डीपीचा लघुदाब, म्हणजे घरांकडच्या, बाजूचा पूर्ण भार १३३ अँपिअर. मीटरवर तीन फेजचे आर १८०, वाय ९०, बी ४० असे आकडे दिसले, तर सरासरी १०३ येते आणि अहवालात डीपी ‘ठीक’ ठरते. प्रत्यक्षात आर फेज १३५ टक्के भारावर आहे, न्यूट्रलमधून शंभरावर अँपिअर परत येताहेत, आणि किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खोबणीत, वायरमनने फ्यूज तारेऐवजी ॲल्युमिनियमच्या दोन काड्या पिळून लावल्या असतील तर वाइंडिंग तापून जळेपर्यंत काहीच तुटणार नाही. डीपी मीटरचा सगळ्यात मोठा फायदा चोरी पकडण्यापेक्षा हा आहे: जळण्याआधी दोन महिने दिसतं. दहा-बारा घरं आरवरून बीवर हलवायला अर्धा दिवस लागतो, जळलेली डीपी बदलायला त्याच्या कितीतरी पट.

न्यूट्रलची खूणही इथेच मिळते. एका फेजचं व्होल्टेज २७०, दुसऱ्याचं १८०, आणि भार हलला की दोन्ही झुलताहेत, तर न्यूट्रल ढिला किंवा तुटलेला आहे. टीव्ही आणि फ्रिज जळाल्याच्या तक्रारी येण्याआधी हा इशारा यंत्रणेत आलेला असतो. पण तो वाचायला माणूस नेमलेला नसतो.

बसवताना चुकतं ते सीटीमध्ये. तीनपैकी एका सीटीची दिशा उलटी लागली, तर समतोल भारावर मीटर दोन फेजची बेरीज करून तिसरा वजा करतो, आणि खऱ्याच्या एक तृतीयांश दाखवतो. आर फेजच्या व्होल्टेजला वायचा करंट जोडला गेला तर आकडा आणखी विचित्र. आणि सीटी २०० ला ५ असताना संगणकात गुणक ४० ऐवजी २० भरला, तर अर्धी वीज गायब. हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे उणे गळती. डीपीने १,००० युनिट दिले आणि ग्राहकांना १,४०० चं बिल गेलं, असं होऊच शकत नाही. उणे गळतीची डीपी दिसली की एकतर सीटी चुकली, नाहीतर ग्राहकांची यादी.

यादी

सगळं जिथे अडतं ती ही जागा. कोणत्या ग्राहकाची सर्व्हिस वायर कोणत्या खांबावरून, कोणत्या डीपीच्या कोणत्या फेजवर, ही नोंद एकदा सर्वेक्षण करून केली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून जुनी होऊ लागते. रात्री एक डीपी जळते. वायरमन तिची वीस घरं शेजारच्या डीपीवर ‘तात्पुरती’ टाकतो. नवी डीपी आठवड्याने येते, त्यातली आठ घरं परत येतात, बारा तिकडेच राहतात. संगणकात काहीच बदललेलं नाही. आता एका डीपीवर ४० टक्के गळती, दुसरीवर उणे २५. भरारी पथक पहिल्या डीपीवर चोरीचे आकडे शोधत फिरतं आणि रिकाम्या हाताने परत येतं.

इथे मात्र स्मार्ट मीटर खरोखर कामाला येतो. एका डीपीच्या एका फेजवरच्या घरांचं व्होल्टेज दिवसभर बरोबरीने वरखाली होतं. अर्ध्या तासाच्या नोंदींचा दोन आठवड्यांचा आलेख काढला की कोणतं घर कोणत्या कळपात बसतं ते गणिताने कळतं, आणि खांबावर न चढता यादीतल्या बऱ्याच चुका निघतात. वीज जातानाचा मीटरचा शेवटचा संदेशही तसाच: साठपैकी साठ घरं एकाच क्षणी गेली तर डीपी किंवा त्याच्या वरचं काही, फक्त वीस गेली तर एका फेजचा फ्यूज, एकच गेलं तर सर्व्हिस वायर. पण त्यासाठी साठ घरं कोणती हे आधी बरोबर माहीत हवं.

मीटर आणि त्याबद्दलच्या तक्रारी

आपल्याकडचे स्मार्ट मीटर आयएस १६४४४ प्रमाणे बनतात. आत मोजणी, वीज तोडण्या-जोडण्याचा स्विच आणि संपर्काचं मॉड्यूल. संपर्क दोन प्रकारे: थेट मोबाइल नेटवर्कवर, किंवा ८६५–८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओवर एका मीटरकडून दुसऱ्याकडे टप्पे घेत गेटवेपर्यंत, म्हणजे नोंदी गोळा करणाऱ्या पेटीपर्यंत. दाट वस्तीत रेडिओची साखळी चांगली चालते, विरळ वाड्यांत तुटते. इमारतीच्या तळघरातल्या मीटर रूममध्ये, लोखंडी पेटीत, मोबाइलवाला मीटर मुका होतो. बाहेर अँटेना काढावाच लागतो. गेटवेला बॅटरी नसेल तर फीडर गेल्यावर तोही जातो, आणि ज्या संदेशासाठी खटाटोप केला तोच हरवतो. अर्ध्या तासाची नोंद धरली तर एका मीटरच्या दिवसाला ४८, लाख मीटरच्या ४८ लाख. त्यांतल्या न आलेल्या नोंदी अंदाजाने भरल्या जातात. अंदाज कुठला आणि खरी नोंद कुठली, ही खूण बिलापर्यंत टिकली पाहिजे.

‘नवा मीटर पळतो’ या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, जुन्या चकतीच्या झिजलेल्या मीटरला पाच-दहा वॅटचा भार हलवत नसे. सेट टॉप बॉक्स, राउटर, चार्जर मिळून १५ वॅट सतत, म्हणजे महिन्याला जवळपास ११ युनिट. ते आता मोजले जातात. दुसरी, स्लॅब: शंभरी ओलांडल्यावर पुढच्या युनिटला चढा दर. तिसरी खरी चूक, आणि ती वाड्यांत-चाळींत नेहमी सापडते. हे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट मोजतात आणि जो जास्त त्यावर बिल करतात. शेजाऱ्याचा न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला आत कुठेतरी जोडलेला असेल, तर त्याचा वापरही तुमच्या नावावर चढू शकतो.

तपासायची रीत: सगळी उपकरणं बंद करून मीटरवरचा भार पाहा, मग मेन स्विच बंद करून पाहा. मेन बंद असतानाही मीटर मोजत असेल तर प्रश्न मीटरचा किंवा मीटर आणि मेन यांच्यामधल्या तारांचा. मेन बंद केल्यावर थांबत असेल पण उपकरणं बंद असताना मोजत असेल, तर घरातल्या वायरिंगचा. इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटरने फेज आणि न्यूट्रलचे करंट वेगवेगळे मोजायला सांगा. दोन्ही सारखे यायला हवेत. तरी शंका राहिली तर चेक मीटर मागा. तो शेजारी आठवडाभर लावतात आणि दोन्हींचे युनिट ताडून पाहतात.

महाराष्ट्रात घरगुती ग्राहकांकडे हे मीटर पोस्टपेड पद्धतीने, टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारे, मीटर म्हणून बसताहेत. जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. सकाळी सातचा गिझर नऊनंतर नेणं बहुतेक घरांना जमत नाही, पण धुणं, इस्त्री, पिठाची घरगुती गिरणी यांची वेळ सहज हलते.

सवलत दिवसा का?

दुपारी सौर वीज मुबलक आणि संध्याकाळी सहानंतर जवळपास शून्य, म्हणून. यातून वितरणाच्या जाळ्यावर जे येतं त्याची तयारी सगळ्यात कमी आहे. लघुदाब लाइनच्या टोकाला, डीपीपासून ३०० मीटरवर, एका घराने ५ किलोवॉटचा सिंगल फेज सौर संच लावला. दुपारी घरात कोणी नाही, सगळी वीज बाहेर: साधारण २१ अँपिअर. वीझल तारेचा रोध किलोमीटरला ०.९ ओहम, जाण्या-येण्याची ६०० मीटर तार म्हणजे ०.५४ ओहम. व्होल्टेज ११ ने वाढलं. डीपीवर आधीच २४५ असेल तर त्या घराशी २५६. आणखी दोन घरांनी त्याच फेजवर संच लावले की मर्यादा ओलांडते आणि इन्व्हर्टर स्वतःला बंद करतात, तेही नेमके भर उन्हात. ग्राहक पॅनलवाल्याला बोल लावतो. इलाज क्रमाने करावा: संच वेगवेगळ्या फेजवर वाटा, ज्या डीपीला टॅप (व्होल्टेज पायरीने कमी-जास्त करायची सोय) आहे तिथे तो अडीच टक्क्यांच्या एका पायरीने खाली आणा, आणि मग तार जाड करा.

वीज गेल्यावर इन्व्हर्टर बंद व्हायलाच हवा, नाहीतर बंद समजलेल्या लाइनवर लाइनमनला मागून धक्का बसेल. मान्यताप्राप्त इन्व्हर्टर हे करतात. चोरून जोडलेले जनरेटर करत नाहीत, म्हणून सौर असो नसो, अर्थिंग केल्याशिवाय लाइनला हात लावायचा नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्रांजवळ ०.५ ते २५ मेगावॉटचे प्रकल्प जोडून शेतीला दिवसा वीज द्यायचं ठरलं. रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी धरण्यातून सुटका होते, हा फायदा वादातीत आहे. पण शेतीचा भार पावसाळ्यात उतरतो तेव्हा त्याच उपकेंद्रातून वीज उलटी ३३ केव्हीकडे वाहते. तिथल्या रिलेंना दिशा कळत नसेल तर ते चुकीच्या वेळी उडतात. आणि संध्याकाळी सौर उतरताना राज्याला काही हजार मेगावॉट झटपट उभे करावे लागतात. त्यासाठी कोयना आहे, १,९६० मेगावॉट, काही मिनिटांत सुरू होणारी. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचं तिचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीपुरतं बांधलेलं. घाटघरचा उदंचन (पाणी परत वर चढवून साठवायचा) प्रकल्प २५० मेगावॉटचा. पुढची पायरी म्हणून बॅटऱ्या आणि आणखी उदंचन येताहेत ते यासाठी.

गळतीचा आकडा आणि तुमचा फीडर

गळतीची टक्केवारी ऐकताना ती दोन गोष्टींची आहे हे ध्यानात घ्या. शंभर युनिटपैकी ८५ चं बिल झालं आणि त्या बिलांपैकी ९६ टक्के पैसे आले, तर ०.८५ गुणिले ०.९६ म्हणजे ८१.६, एकूण तूट १८.४ टक्के. वसुली सुधारली की हा आकडा उतरतो आणि जाळं सुधारल्यासारखं भासतं. जाळ्याची तब्येत वेगळ्या दोन आकड्यांत दिसते: ग्राहकामागे वर्षात किती वेळा वीज गेली आणि एकूण किती मिनिटं. पहिला आकडा झाडछाटणी, इन्सुलेटर आणि रिक्लोजरने उतरतो. दुसरा इंडिकेटर, स्विच आणि खऱ्या यादीने. तुमच्या फीडरचे हे दोन्ही आकडे महिन्यांनुसार मागा, शहराची किंवा विभागाची सरासरी नको. त्यासोबत विचारा की इनकमर गेल्या वर्षात किती वेळा उडाला, आणि रिलेचं समन्वयन (कोणी आधी उडायचं ते) शेवटचं कधी तपासलं.

आणि कार्यालयात जायच्या आधी एक गोष्ट स्वतः करता येते. महावितरणच्या बिलावर चक्र, मार्ग, क्रम यांच्याजवळ डीटीसी, म्हणजे डीपीचा, क्रमांक छापलेला असतो. तोच क्रमांक डीपीच्या खांबावर रंगवलेला असायला हवा. तुमची सर्व्हिस वायर ज्या खांबावरून येते त्या लाइनने मागे चालत डीपीपर्यंत जा, काहीही न हाताळता खालून क्रमांक वाचा. जुळला नाही, तर तुमचा वापर आणि तुमचा अंधार दोन्ही दुसऱ्याच डीपीच्या खात्यात जमा होत आहेत. दुरुस्तीचा अर्ज बिलाची प्रत आणि खांबाचा फोटो जोडून उपविभागीय कार्यालयात द्या, आणि शेजारच्या चार घरांची बिलंही बरोबर न्या. एकाच वेळी हललेली घरं बहुधा सलग सापडतात.